थोरल्या साडूंचं लाल नाक

स्वतःच्या भल्याशी इतक्या चिकाटीनं भांडणारा माणूस साऱ्या इंदापूर तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. भिगवणच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव. चार एकर ऊस, तीन म्हशी, आणि मतं मात्र मोजता येणार नाहीत इतकी. मी त्यांना आबा म्हणतो आणि ते मला ‘पाव्हणं’ म्हणतात. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी अजून पाव्हणाच. माझं बारामतीला लागून असलेल्या जळोचीत औषधांचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या दुकानाचा हात आहे आणि मला ते लपवायचं नाही. एकदा लपवून झालेलं आहे.

औषधाच्या बाबतीत आबांचा एक ठाम सिद्धान्त आहे. औषध ते औषध. कुणाला लावायचं आणि कुठं लावायचं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. म्हशीच्या सडाला लावायचं मलम ते हिवाळ्यात स्वतःच्या टाचांना चोपडतात आणि स्वतःच्या गुडघ्यासाठी माझ्याकडून नेलेला बाम लंगडणाऱ्या म्हशीच्या पायाला चोळतात. “औषधाला काय कळतंय, माणूस कोण आन् म्हैस कोण?” डोळ्यांत घालायचे थेंब त्यांनी एकदा कानात घातले. मी दुकानातच ओरडलो, तर चार गिऱ्हाइकांसमोर मलाच म्हणाले, “भोकं सगळी आतनं एकच असत्यात, पाव्हणं. तुमी निस्त्या बाटल्या इकता, तुमाला आतलं काय ठावं?” पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की दोन दिवस स्वतः खाणार आणि बरं वाटलं की उरलेल्या शेजाऱ्याला देणार, मग त्याला ताप असो नाहीतर मूळव्याध. चहा चुलीवरून उतरवला की वाफ जायच्या आत संपला पाहिजे. निवलेला चहा त्यांच्या मते आजाऱ्यानं प्यायचा. अशा माणसाशी वाद घालून घालून माझे केस गेले, त्यांचे मात्र जागच्या जागी आहेत.

गेल्या पाच-सहा वर्षांत त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवर केसाएवढ्या बारीक लाल-जांभळ्या शिरा दिसू लागल्या. हळूहळू त्यांचं जाळंच झालं. लांबून बघितलं तर नाक नुसतं लाल दिसायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर ते आलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं. पण आबा म्हणजे गावातले दारूचे पहिले वैरी. लग्नात ते आधी मांडवात शिरलेल्या माणसांचा वास घेतात आणि मग अक्षता. एका हळदीला त्यांनी नवरदेवाच्या मामाला बाजूला घेऊन तोंड उघडायला लावलं होतं. मामा बिचारा बडीशेप खात होता. गावच्या ओढ्याकाठी दारूची एक टपरी होती, ती उठवायची म्हणून गावातल्या बायका वर्षभर धडपडत होत्या, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारा बाप्या एकच, तो म्हणजे आबा.

तर एका ग्रामसभेत आबा टपरी उठवायचा ठराव मांडायला उभे राहिले. पहिलंच वाक्य झालं असेल नसेल, टपरीवाला मागून म्हणाला, “आबा, आदी आपल्या नाकाला इचारा. त्ये कुठं जाऊन येतंय त्ये!” सभा हसली. बायकाही हसल्या, पदर तोंडाला लावून. वीस वर्षं कुणाला न आवरलेला हा माणूस खाली बसला आणि ठराव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर आबा पायरीवर. “पाव्हणं, ह्ये तोंडावरचं पुसून टाकायचं कायतरी द्या. पुढल्या सभेच्या आदी.”

मी त्यांना बारामतीतल्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण पण शांत. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या दुकानात येतात, त्यामुळं आमची रोजची ओळख. त्यांनी भिंगातून नाक बघितलं आणि उपाय सांगायला सुरुवात केली. लेझरनं या शिरा आतल्या आत मिटवता येतात, तीन-चार वेळा यावं लागतं. आबा लगेच, “लेझर नको. आमच्या रानाची पातळी लेझरनं काढली, चांगली माती सगळी बांधाला गेली.” बाईंनी समजावलं, हा लेझर वेगळा. मग म्हणाल्या, एक-दोनच शिरा असत्या तर बारीक सुईनं करंट देऊनही मिटवल्या असत्या. “करंट कसला? सिंगल फेज का थ्री फेज?” मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, तर मोठ्यानं म्हणाले, “पाय का दाबताय? इचारू द्या की.” आणि खरंच विचारलं, “बाई, ठिबकची एक नळी बंद केली की पानी दुसरीकडनं फुटतंय. तसं नाकाचं व्हणार न्हाय ना?” बाई हसल्या. रक्त न्यायला आत भरपूर शिरा आहेत, म्हणाल्या, या वरच्या बिनकामाच्या. मात्र काही वर्षांनी नव्या येऊ शकतात. तोवर झाकायचं असेल तर हिरवट छटेचं एक क्रीम येतं, त्यानं लाली दबते. वर कातडीच्या रंगाचं दुसरं लावायचं. ऊन टाळायचं, तिखट टाळायचं, चहा निववून प्यायचा. आबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना गाव सोडायला सांगितलंय.

मग बाईंनी विचारलं, “तोंडाला काही लावता का?”

“कायबी न्हाय. दाढीनंतर जरा मलम, तेवढंच.” आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब काढली.

ती मी ओळखली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मांडीला नायटा झाला होता तेव्हा मीच दिली होती. नायटा पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले की ते म्हणायचे, “ती टूब बी टाका,” आणि मी टाकत होतो. दर महिन्याला. परक्या गिऱ्हाइकाला मी दहा प्रश्न विचारतो. साडूला काय विचारायचं? चिठ्ठी मागितली तर पाव्हण्याला माज आला म्हणतील. आमच्याकडं नात्यातल्या माणसाला औषध असंच जातं, वाणसामानासारखं.

बाई ट्यूब वाचत म्हणाल्या, “यात स्टेरॉइड आहे. वर्षानुवर्षं तोंडाला लावलं की कातडी पातळ होते, शिरा वर दिसायला लागतात. उन्हानं हातभार लावला असेल, पण मुख्य कारण हे. कुणी दिलं तुम्हाला?”

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “यष्टी स्टँडाजवळच्या दुकानातनं. कंच्या त्ये आता ध्यानात न्हाय.” कुणी कुठल्या लग्नात किती जिलब्या खाल्ल्या हे ज्यांच्या ध्यानात असतं, त्यांच्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. “अशा लोकांचं लायसन काढून घ्यायला पाहिजे,” बाई मला म्हणाल्या. आणि मी, देवाशपथ, मान हलवली.

ट्यूब बंद झाली आणि बाईंनी बजावलं होतं तसंच झालं: आधी त्रास वाढला. तोंड भाजल्यासारखं लाल झालं. कातडी शांत झाल्याशिवाय लेझर नाही, म्हणजे दोन-तीन महिने थांबणं आलं. उन्हात जाताना लावायचं क्रीम दिलं होतं, ते हे रात्री लावून झोपायचे. “दिवसा येळ कुठं असतोय? रात्री जाड थर देतो, दिसभर पुरतंय.” हिरवं क्रीम लावलं, पण त्यावरचं दुसरं बायकी म्हणून ठेवून दिलं आणि तसेच डेअरीत दूध घालायला गेले. मेहुणी फोनवर मला म्हणाली, “दाजी, ह्यास्नी आवरा. कैरीवानी नाक घिऊन गावभर फिरत्यात.” मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पुढच्या ग्रामसभेला मी दुकान बंद करून गेलो. मनाशी ठरवलं होतं, उठून सांगायचं. आबा उभे राहिले, तोंड पहिल्यापेक्षा लाल. टपरीवाला म्हणाला, “आबा, मागल्या टायमापरीस रंग चढलाय की!” हशा पिकला. मी उभा राहिलो. “थांबा, याचं कारण मी सांगतो...”

“पाव्हण्यानं गावाच्या सभेत बोलायचं न्हाय!” आबा माझ्यावर गरजले. “बसा खाली!” मी बसलो. मग सभेकडं वळून म्हणाले, “नाक लाल हाय. का हाय, त्ये मी सांगणार न्हाय. ज्याला वास घ्यायचाय त्यानं म्होरं यावं.” आणि त्यांनी आ केला. पुढची एक म्हातारी काठी टेकत उठली, त्यांच्या तोंडाशी तोंड नेलं, दोनदा हुंगलं आणि सभेला सांगितलं, “कांदा हाय आन् ठेचा हाय. दुसरं कायबी न्हाय.”

“ठेचा?” बायकांतून मेहुणी कडाडली. “डाक्टरनं बंद केलाय न्हवं तुमाला? कुठं खाल्लासा?”

आता जी सभा हसली ती आबांना हसली नाही. म्हणजे आबांनाच हसली, पण वेगळी. त्या हसण्यातच बायकांचे हात वर झाले, पाठोपाठ बाप्यांचे. ठराव झाला. टपरी महिन्याभरात उठली.

नंतर लेझर झाला. चार वेळा मीच नेलं-आणलं. कसं वाटलं विचारलं की म्हणायचे, “उसात शिरल्यावर पाचट तोंडावर बसतंय, तसं.” शेवटच्या वेळी बाईंनी आरसा हातात दिला. नाकपुडीजवळची एक शीर सोडली तर तोंड स्वच्छ होतं. परत येताना मला राहवलं नाही. भिगवणजवळ, पाण्याच्या कडेला गाडी थांबवून मी म्हणालो, “आबा, ती ट्यूब मीच देत होतो.”

“पिशवीत तुमी घातली, तोंडाला म्या लावली. निम्मं-निम्मं.”

“मग बाईंना का नाही सांगितलं?”

“तुमाला बाई रोज बघती. माझ्या काय, चार खेपा.”

ते पाण्याकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, “धाकटा भाऊ व्हता मला. तुमच्या लग्नाच्या आदीच गेला, दारूनं. पैला पेला म्याच दिला व्हता त्याला, जत्रंत, गंमत म्हणून. त्येच्या आजारपणात म्या त्याला सांगायला लागलो, की बाबा, माझं चुकलं. त्यो ऐकूनच घेईना. म्हनायचा, दादा, प्यालो तर मीच.”

सव्वीस वर्षांत मी त्यांना दारूचा एवढा राग का, हे एकदाही विचारलं नव्हतं. चावी फिरवायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

“जरा ऊन उतरू द्या, पाव्हणं. उन्हात फिरायचं न्हाय म्हनल्यात बाई.”

आयुष्यात पहिल्यांदाच ते डॉक्टरांचं ऐकत होते. ऊन केव्हाच उतरलं होतं. मी हात मागं घेतला आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.