सात सत्कारमूर्ती आणि एक श्रोता

नळ-पाइपांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने लेखक व्हावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पंचवटीत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही, त्या वेळात मी आपला आपणहूनच झालो. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी माझे जुने मित्र. त्यांनी मला ब्लॉकचेनवरच्या एका ब्लॉगच्या साइटवर ओढलं.

"तुम्ही फक्त लिहायचं. लोकांनी मत दिलं का खात्यात डिजिटल नाणी पडली. लय सोपं हे," ते म्हणाले. "अन् एकदा लिहिलं का कोणाच्या बापाला पुसता येत नाय."

मराठीत लिहिणारे आम्ही सात जण जमलो आणि आमचा समूह झाला. ज्याच्याकडे नाणी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त, असा तिथला कायदा. व्यापाऱ्यांचं मत सगळ्यांत जड. त्यांनी अशी सोय करून ठेवली होती की आमच्यापैकी कुणाचाही लेख पडला की पाचव्या मिनिटाला त्यांचं मत आपोआप पडावं. मग बाकीच्यांनीही तेच केलं. माझा लेख वाचायला किमान दहा मिनिटं लागायची.

नाण्यांचं मला काही नव्हतं. मला वाचक हवा होता, एक तरी. शेवटी डोकं फिरलं आणि एका दुपारी 'आठवणीतला पाऊस' असं शीर्षक देऊन खाली दुकानातल्या मालाची यादी टाकली. अर्धा इंची एल्बो, पाऊण इंची टी, वॉशर, टेफ्लॉन टेप, पाऊण इंची टी. पाचव्या मिनिटाला सगळी मतं हजर. एकाने तर 'डोळे पाणावले' असं लिहिलं. त्या दिवशी मी चिडून दुकान लवकर बंद केलं.

त्या साइटचा एक सामायिक निधी होता. समूहाने अर्ज करायचा, जगभरच्या सभासदांनी होकार दिला तर मदत मिळायची. 'मराठी वाचक वाढवण्यासाठी मेळावा' असा अर्ज व्यापाऱ्यांनी ठोकला आणि तो चक्क मंजूर झाला. मंजूर करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं देव जाणे. आमच्या डोळ्यांसमोर शाल आणि श्रीफळ होतं. आता सत्कार कुणाचा करायचा? एकाचा केला तर सहा रुसणार. फोनवर तासभर वाद घालून आम्ही सातही जणांचा सत्कार ठरवला.

निफाडला एक छोटा हॉल घेतला. पन्नास खुर्च्या मांडल्या. सातही सत्कारमूर्ती व्यासपीठावर चढले, तेव्हा समोर फक्त माझी बायको उरली. तीही मनुके घ्यायचे होते म्हणून आली होती. प्रत्येकाने शेजारच्याला शाल पांघरवली आणि त्याचं कौतुक केलं. माझ्या वाट्याला व्यापारी आले.

"यांचं लिखाण म्हणजे एक नंबर! नळाच्या पाण्यावानी वाहतं," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "कुठला लेख आवडला तुम्हाला?"

"सगळेच की! तुमच्या मालाला मी कधी कमी भाव दिला का?"

मी नारळ घट्ट धरला. तेवढ्यात कुणाला तरी वाटलं, श्रोत्यांतर्फेही दोन शब्द व्हायला हवेत. श्रोते उठले आणि पदर सावरून माइकपाशी आले.

"मी यांचे सगळे लेख वाचलेत," ती म्हणाली. "वाचायला खातं लागत नाही. त्या एल्बोच्या यादीत टी दोनदा आलाय."

मला एकदम दुसराच लेख आठवला. तिच्या साबुदाण्याच्या खिचडीने पाइपाचे जोड चिकटवता येतील, असं मी कुणी वाचत नाही या भरवशावर लिहिलं होतं. आणि ते पुसता येणार नव्हतं.

"खिचडीचाही वाचला," ती म्हणाली. "हसून हसून पोट दुखलं माझं. सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाचाही वाचला, यांना किती भीती वाटली होती ते. मला तेव्हा माहीतच नव्हतं." मग माइक विसरून ती थेट माझ्याकडे वळली. "अहो, इतकं सगळं बोलता येतं तुम्हाला, तर घरी का नाही बोलत?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शालीत तोंड लपवावंसं वाटलं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, आयुष्यात एवढा आनंदही कधी झाला नव्हता.

परतताना स्कूटरवर मागे ती, आमच्या मध्ये मनुक्यांची पिशवी. काय बोलावं ते सुचेना. ओझर मागे पडलं तरी सुचेना. शेवटी घसा खाकरून म्हणालो, "काल एक गिऱ्हाईक नळ परत करायला आलं होतं. म्हणे, यातून पाणीच येत नाही. त्याच्या घरी अजून पाण्याचं कनेक्शनच नव्हतं."

वारा होता, म्हणून ती पुढे झुकली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मग?"