पुलाजवळचं पाणी आणि आमचा उंबरा

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. चुका दिसतील त्यांची आधीच माफी मागते, पण आक्कांबद्दल लिहिणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही. मिरजेच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात धार काढत होते. "काकी, आई गेली," एवढंच तो बोलला. निम्मी धार राहिली होती... ती पुरी काढली आणि मगच उठले. आक्कांनीही तेच केलं असतं.

शालनआक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. शाळेत गेल्या नव्हत्या. आकडे तेवढे वाचता यायचे. महापुरात आमच्या दोन म्हशी दाव्यालाच बुडाल्या. लोक म्हणाले, सांगूनही ऐकलं नाही. ते आक्कांना फार लागलं, कारण आम्ही ऐकत होतो. फोनवर तासातासाला निरोप येत होता, पुलाजवळ पाणी इतके फूट, तितके फूट. पण पूल आमच्यापासून लांब. तिथं एवढं झालं म्हणजे आमच्या दारात कधी, हे त्या निरोपात नव्हतं. आम्ही मारुतीच्या पायरीकडं बघत बसलो, कारण जुन्या पुरात पाणी त्या पायरीवर थांबलं होतं. या वेळी थांबलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका कॉलेजात बैठक होती. अशा संकटात माणसं वाचवायची तर पुढं कशाकशावर संशोधन व्हावं, याची यादी करून सरकारला पाठवायची होती. बचत गटाच्या म्हणून आम्हा दोघींना बोलावलं. मी खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले. एका सरांनी यादी वाचली. उपग्रह, ड्रोन, भोंगे, मोबाइलवरचं अ‍ॅप. आक्का पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुलाजवळ इतकं फूट म्हंजे माझ्या उंबऱ्याला किती, ह्ये पयलं शोधा." सर हसले. म्हणाले, मावशी, हे गावपातळीचं काम आहे, ही यादी राज्याची आहे.

"मग बुडतं त्ये गाव राज्यात न्हाई व्हय?"

सगळे हसले. पुढं छापील यादी आली, ती मी दोनदा बोट ठेवून वाचली. आमचा प्रश्न नव्हता. आक्का म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, आपुन शोधू.

पुरात जवळजवळ प्रत्येकानं दारात पाणी आलं तसा फोटो काढला होता. फोटोची वेळ फोनमध्ये राहते, पुलाच्या निरोपाचीही राहते. आक्का घरोघर फोन मागायच्या आणि मी दोन्ही वेळा जुळवून वहीत लिहायचे. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांचं दार शेजाऱ्याच्या फोटोच्या कोपऱ्यात सापडायचं. मग लाल रंगानं उंबऱ्याशेजारी आकडा. पुलाजवळ एवढे फूट झाले की तुमच्या दारात पाणी. आक्का डबा धरायच्या, मी लिहायचे. सरपंच अडवायला आले. वैनी, भिंतीवर असं लिवल्यावर आमच्या पोरास्नी मुली कोण देणार, म्हणाले. आक्का म्हणाल्या, "आमच्या येळंला आकडा असता तर मी तरी कशाला आली असती हितं?" ते हसून निघून गेले, आणि सांजच्याला स्वतःच्या दारावरचा आकडा विचारायला आले.

गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं. पुलाजवळ चाळीस झाल्याचा निरोप आला तशी बेचाळीस-त्रेचाळीसवाल्यांनी जनावरं सोडून वर आणायला सुरुवात केली. खालच्या आळीत एकही दावं कापावं लागलं नाही. फक्त तानूबाईचं चुकलं. तिच्या दारावर आम्ही सत्तेचाळीस लिहिलं होतं आणि पाणी चव्वेचाळीसलाच आत आलं. भिजलेलं धान्य दाखवून ती आक्कांना लय बोलली. तुमच्या आकड्याच्या भरवशावर बसले, म्हणाली. पाणी ओसरल्यावर आक्का चिखलात तिच्या दारात उभ्या राहून चौफेर बघत राहिल्या. पुढं ज्यानं मिरजेला नेलं ते पोटातलं दुखणं सुरू झालं होतं, तरी हलल्या नाहीत... मग मला हाक मारली. तानूबाईच्या मागचा रस्ता महापुरानंतर भराव टाकून उंच केला होता, आणि पाणी त्याला अडून तिच्या घरात वळलं होतं. "मंगल, रस्ता उचलला की आकडा बदलतो. मी चुकले. पूस त्यो." मी पुसला आणि चव्वेचाळीस लिहिला. भिंतीवरचं ते आमचं शेवटचं काम.

तेरावा होऊन आठवडा झाला आणि कॉलेजचं पत्र आलं. नवी यादी करायची होती. पत्र आक्कांच्या नावानं होतं. घरातले म्हणाले, आक्का गेल्याचं कळवून टाकू. मी एसटीनं एकटी गेले. तेच सर होते. यादी वाचून झाल्यावर कुणाला काही सुचवायचंय का, विचारलं. मी उठले. उंबऱ्याचं सांगितलं, रस्ता उचलल्यावर आकडा का चुकला ते सांगितलं, आणि हे शोधा असं मी म्हणाले. सर म्हणाले, चांगलं आहे, आपण विचार करू.

"इचार नंतर करा सर. आधी लिवा. मी उभी हाय."

कुणी हसलं नाही. सरांनी कागद पुढं ओढला आणि सुचवणाऱ्याचं नाव विचारलं. मी शालनआक्कांचं सांगितलं. शेजारच्या मॅडम हळूच म्हणाल्या, त्या तर वारल्या ना?

"व्हय. आक्का गेल्या. रस्ता हाय तितकाच उंच हाय."

सरांनी लिहिलं. मी जवळ जाऊन बोट ठेवून वाचलं, आणि मग खाली बसले.