समाजसेवा राहिली

समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ 'सर्वांगीण' हा शब्द तोंडात पेढा घोळवल्यासारखा उच्चारतात. त्यांची मुलगी नोएडातल्या एका बड्या शाळेत परदेशी कॉलेजांची तयारी करते आहे. लिफ्टमध्ये गाठ पडली की बोटांवर मोजायला लागतात, "घोडेस्वारी झाली, चेलो चालू आहे, आता फक्त समाजसेवा राहिली, यार." पंगतीत कोशिंबीर वाढायची राहावी, तसं.

ही पोरगी रोज संध्याकाळी गेटजवळच्या इस्त्रीच्या ठेल्यापाशी बसून इस्त्रीवालीच्या मुलीला वजाबाकी शिकवायची. दोघी इतक्या खिदळायच्या, की मी चांगले शर्टही चुरगाळून इस्त्रीला न्यायचो.

परवा माझ्यादेखत गृहस्थ खाली आले. "ऊठ. हे बंद."

"बाबा, सोमवारी तिची परीक्षा आहे."

"बेटा, इथे सर्टिफिकेट कोण देणार? उद्यापासून तू गुडगावच्या संस्थेत जाणार आहेस, समाजसेवेला."

मी म्हणालो, "अहो, मग इथे ती काय करत होती?"

"तुम्ही पण ना, साहेब, बिल्कुल भोळे आहात," ते मायेने हसले. त्या मायेच्याच कानाखाली वाजवावी असं वाटलं मला.

काल शर्ट आणायला गेलो, तर गृहस्थ ठेल्यापाशी उभे होते. इस्त्रीवालीची मुलगी वही मांडीवर उघडून बसली होती. तिने त्यांना विचारलं, "अंकल, दीदी कब आएगी?"

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दीदी अब नहीं आएगी, बेटा. गरीब बच्चों को पढ़ाने जाती है."