थेंबाथेंबाने, नऊ तास

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, आणि मावशीच्या नाकावर राग असतो असंही म्हणत. म्हणोत बापडे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात करून बावीस वर्षांत ती एन्झाइमच्या टाकीपर्यंत पोचली होती, आणि एवढ्या वर्षांत तिचा राग एकदाही भलत्या माणसावर निघाला नव्हता.

रागाचं मूळ होतं मागच्या आवारातली क्रोमची शेड. औषधासाठी लागणाऱ्या एका मालावर ऑक्सिजन चढवावा लागे, आणि तो तिथे क्रोमच्या नारिंगी पाण्याने चढवत. पद्धत एकच: ओता आणि ढवळा. मावशीचा धाकटा भाऊ अकरा वर्षं तेच करत होता. त्या वाफेने त्याच्या नाकातला मधला पडदा खाल्ला, आरपार भोक पडलं. वास कळेनासा झाला, सकाळी उशीवर रक्ताचे डाग. कंपनीच्या डॉक्टरने कागदावर काय लिहावं? "वारंवार सर्दी." अरे, सर्दीने कुणाच्या नाकाला भोक पडतं का!

म्हणून संशोधन करणाऱ्या बाईंनी एन्झाइमचं काम काढलं, तेव्हा पदर खोचून पहिली उभी राहिली ती मावशी. बाईंनी तिला सोप्या भाषेत सांगितलं होतं. आपल्या रक्तात लोखंड धरून बसलेलं जे लाल हीम असतं, तसंच हीम या एन्झाइमच्या पोटात असतं. ऑक्सिजन नेमका हव्या त्या जागी बसवायचं काम ते क्रोमशिवाय करतं. ऑक्सिजन त्याला मिळतो पेरॉक्साइडमधून. पण घोळ असा, की पेरॉक्साइड जास्त झालं तर ते हीमच जाळून टाकतं. बाई एन्झाइमची घडण थोडीथोडी बदलत गेल्या आणि मावशी एकेक नमुना वाढवून तपासत गेली. चार वर्षं, सहा हजार नमुने! शेवटी एक चिवट निघाला. चिवट म्हणजे काही अमर नव्हे. त्यालाही पेरॉक्साइड पंपाने थेंबाथेंबानेच द्यायचं, पूर्ण नऊ तास. टाकीतलं पाणी विटकरी राहिलं की समजायचं, जीव आहे.

मोठ्या चाचणीच्या दिवशी बाई नेमक्या परगावी. क्रोमची शेड त्या आठवड्यापुरती बंद ठेवली होती. दुपारी मुख्य कचेरीचे पाहुणे यायचे होते, आणि कारखान्याचे नवे साहेब म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"जेवणाच्या आत संपवा हे," ते म्हणाले.

"साहेब, नऊ तास लागतात. घाई केली तर मरेल ते."

"मावशी, तुम्ही टाकी पुसा. केमिस्ट्री आम्ही शिकून आलोय."

असं म्हणून त्यांनी हाक मारली ती शेडमधल्या रिकाम्या बसलेल्या माणसाला, म्हणजे मावशीच्याच भावाला. "तो पंप काढ. अख्खा कॅन ओत आणि ढवळ." ओतायचं आणि ढवळायचं, हे तर त्याच्या हातात मुरलेलं! मावशी "अरे, थांब!" म्हणून धावेपर्यंत कॅन रिकामा झाला होता. टाकी फसफसली. दहा मिनिटांत विटकरी रंग फिकटला, मग फडकं पिळल्यावर उरतं तसं मळकट पाणी राहिलं. चार वर्षांची मेहनत दहा मिनिटांत पाण्यात. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि साहेबांनी पाहुण्यांना काय सांगावं? "एन्झाइम टिकत नाही. सोमवारपासून क्रोमची शेड पुन्हा सुरू करतो."

संध्याकाळी चाचणीचा कागद तिच्यापुढे आला. हे कागद आधीच छापून येत. पेरॉक्साइडच्या रकान्यात ठसठशीत छापलेलं होतं: "थेंबाथेंबाने, नऊ तास." खाली टाकी सांभाळणारीची सही हवी होती. सही केली की खोटं खरं ठरणार, आणि भाऊ सोमवारी पुन्हा त्या वाफेत उभा राहणार. खरं लिहावं, तर कॅन कुणी ओतला तेही लिहावं लागणार. साहेब नामानिराळे राहणार आणि भाऊ अडकणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

"ताई, कर सही," भाऊ खालमानेने म्हणाला. "शेड उघडली तर नोकरी तरी राहील."

"आणि नाक?"

"ते गेलंच आहे."

"गेलंच आहे? मग आता फुप्फुसंही देऊन टाक त्यांना!" मावशी कडाडली. "आई गेल्यावर कडेवर घेऊन वाढवलं मी तुला, ते काय यासाठी? मी खोटं लिहिणार नाही, आणि तुझं नावही लिहिणार नाही. कोरा राहू दे कागद."

साहेब दारातच होते. "सही नसेल, तर उद्यापासून येऊ नका, मावशी."

तेव्हा भावाने पेन उचललं. हजेरीपलीकडे कधी काही न लिहिलेला माणूस तो. छापलेली ओळ त्याने खोडली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: "पंप काढला. सकाळी दहा चाळीसला अख्खा कॅन एकदम ओतला. ओतणारा मी. सांगणारे साहेब." खाली सही केली. मावशीने त्याखाली स्वतःची केली. कागदाला क्रमांक होता, फाडायची सोय नव्हती.

तो कागद मुख्य कचेरीत पोचला, आणि त्यांनी पुन्हा चाचणी लावली. या वेळी बाई हजर होत्या. मावशी पंपापाशी स्टूल टाकून नऊ तास बसली, जेवायलाही उठली नाही. पाणी शेवटपर्यंत विटकरी राहिलं. क्रोमच्या शेडला कायमचं कुलूप लागलं. साहेबांचं अभिनंदन झालं, फोटोही निघाला.

त्याच आठवड्यात भावाच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडलं. मावशीने ते दोनदा वाचलं. कारण एका ओळीत होतं: "वरिष्ठांच्या सूचनेचं उल्लंघन." अकरा वर्षांत सांगितलेली एकही गोष्ट ज्याने मोडली नाही, त्या माणसाला!