आतोबांची कुडची

नदीकाठचा कुठलाही फोटो दाखवा, जवळचं रेल्वे स्टेशन सांगतो, असं छातीठोकपणे म्हणणारा माणूस अवघ्या हिंदुस्थानात एकच होता आणि तो बेंगळूरला चामराजपेटेत आमच्या समोरच्या घरात राहत होता. ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. गावाशी त्यांना कर्तव्य नसे. ‘गाव राहू दे रे, उतरायचं कुठं ते बोल,’ हे त्यांचं तत्त्व. घाटाच्या पायऱ्या, म्हशींची शिंगं, धुणं वाळत घालायची तऱ्हा, एवढ्यावरून ते हरिहर, नंजनगूड, श्रीरंगपट्टण अशी स्टेशनं धडाधड सांगत. ती बरोबर असत का, हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण ती चुकली असं सिद्ध करणं कुणाला जमलंच नाही. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी श्रीरंगपट्टणला जाऊन स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेला कावेरीचा फोटो आणला. आतोबा म्हणाले, ‘हरिहर.’ मास्तर चिडले. ‘अहो, मी स्वतः जाऊन आलोय!’ ‘आला असाल. गाडीत डोळा लागला होता काय?’ मास्तरांचा डोळा लागला होता. हरिहरला आपण कशाला गेलो होतो, ते आठवत बिचारे घरी गेले. विलायतेतल्या नदीचं एक कॅलेंडर कुणीतरी आणलं, तेव्हाही आतोबा डगमगले नाहीत. ‘नंजनगूड. धुकं पडलंय म्हणून पटकन ध्यानात येत नाही.’ आत्या मात्र मला बाजूला घेऊन सांगे, ‘अरे, कुलदेवतेला निघालो की तुमकूर गेल्यावर हे झोपतात ते थेट मिरजेला उठतात. मधल्या नद्या हे बघतात कधी?’ आतोबा हे ऐकून नुसते हसत आणि आम्ही अधिकच गोंधळात पडत असू.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एकदा त्यात त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, शशीचं लग्न सापडलं. स्थळ भद्रावतीचं, मुलगा तिथल्या कारखान्यात नोकरीला. त्याचा फोटो आला. मुलगा खुर्चीवर हात ठेवून उभा, मागे नदी, काठावर देऊळ, एक होडी आणि दोन माड. शशीला मुलगा पाहताक्षणी आवडला, हे तिनं न सांगताही घरभर कळलं. आतोबांनी फोटो उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा पडला. ‘ही कुडची. ही कृष्णा. मुलगा राहतो कुडचीला आणि हे लोक सांगतात भद्रावती! फसवणूक आहे.’ मी म्हटलं, ‘आतोबा, नदीकाठी खुर्ची कुठून आली?’ ‘कुडचीचे लोक फार व्यवस्थित,’ ते म्हणाले. शशीनं दोन घास खाऊन ताट सारलं. ‘अण्णा, नदी कुठलीही असू दे ना,’ एवढंच ती म्हणाली. आतोबा नकार कळवायला निघाले, तेव्हा आत्या उंबऱ्यातच उभी राहिली. ‘स्वल्प थांबा. माणसं घरी येऊ देत, मग काय ते विचारा.’

माणसं आली. उप्पीट झालं, कॉफी झाली. शशी खाली मान घालून बसली होती. आतोबांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, ‘कुडचीहून गाडी वेळेवर सुटली ना?’ ते भांबावले. ‘आम्ही भद्रावतीहून आलो.’ ‘असं? मग हा फोटो?’ आतोबांनी फोटो पुढे सरकवला. आपण चोर पकडला, असा त्यांचा आविर्भाव होता. मुलाचे वडील मुलाकडे पाहू लागले, मुलगा फोटोकडे. मग तो उठला आणि अदबीनं म्हणाला, ‘हा इथलाच आहे. मागे बेंगळूरला आलो होतो तेव्हा मार्केटजवळच्या स्टुडिओत काढलाय, मागे पडदा आहे रंगवलेला.’ आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, ‘तो फोटोही तिथलाच दिसतोय.’ भिंतीवर आतोबांचा आणि आत्याचा लग्नानंतरचा फोटो होता. मागे नदी, काठावर देऊळ, एक होडी, दोन माड. इतकी वर्षं तो फोटो तिथं होता, पण स्वतःच्या लग्नाचा फोटो कोण निरखून बघतो! आतोबा चष्मा लावून जवळ गेले. बराच वेळ पाहून ते वळले आणि आत्याला म्हणाले, ‘म्हणजे आपणही कुडचीचेच की गं!’ आत्याला हसू आवरेना, शशीनंही पदर तोंडाला लावला. ‘सरी, ठीक आहे,’ आतोबा म्हणाले, ‘जावयांना आणखी उप्पीट आण.’ होकार म्हणून त्यांनी उच्चारलेलं वाक्य हे एवढंच.

लग्न झालं, शशी भद्रावतीला गेली. पुढे काही महिन्यांनी तिचा फोटो आला, तोही नदीकाठचा. या वेळी नदी खरी होती. मी मुद्दामच विचारलं, ‘आतोबा, बोला, उतरायचं कुठं?’ त्यांनी फोटो हातात घेतला. मी पैज मारायच्या तयारीत होतो, पण ते फोटो डोळ्यांजवळ धरून बघतच राहिले. ‘निदान नदी तरी ओळखा,’ मी डिवचलं. ‘असेल कुठलीतरी,’ ते म्हणाले. त्यांचा आवाज मला परका वाटला. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी थट्टा सोडून दिली. फोटो त्यांनी माझ्याकडे परत दिला नाही.

‘बारीक झालीय रे पोरगी,’ ते म्हणाले. ‘तिला तिथलं पाणी मानवत नाही.’