आमच्या साडूंची जीप

माणसाने किती वेगाने जावे आणि किती जोराने जावे, याचा पक्का अंदाज असलेला माणूस साऱ्या दुनियेत एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पाटोद्यात स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरची, बोअरवरची जळालेली मोटार लोक पोत्यात गुंडाळून आणतात आणि साडू तिच्या पोटातली जळकी तार उपसून नवी भरतात. दुपारी पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येते, तांब्याच्या वेटोळ्यांवर पडते, आणि सगळे दुकान मधासारखे पिवळे होऊन जाते. मी बीडला शाळेत चित्रकला शिकवतो. यंत्रातले मला ओ की ठो कळत नाही. त्या रंगासाठी मी तिथे जातो असे मी घरी सांगतो. बायको म्हणते, अक्काच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी जाता. दोन्ही खरे आहे.

मोटार घेऊन आलेल्या माणसाला साडू आधी पाणीही विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पाणी लई पायजे का लांब पायजे?" समोरचा बिचारा दोन्ही म्हणतो. मग साडू हातातली पक्कड खाली ठेवतात आणि अत्यंत मायेने सांगतात, "दोन्ही देवाला बी जमलं न्हाई गड्या. स्पीड घ्यायचा तं जोर सोडावा लागतो. जोर घ्यायचा तं दमानं घ्यावं लागतं. मधलं कुठं बसतं ते बघू." हे मधलं कुठं बसतं ते बघणे, हाच त्यांचा जन्माचा उद्योग. एसटीत बसले की ते डोळे मिटतात. लोकांना वाटते झोपले. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी चढाला लागली की मिटल्या डोळ्यांनीच म्हणतात, "आता सेकंड टाकायला पायजे होता." आणि तेवढ्यात ड्रायव्हर सेकंड टाकतो.

माणसांनाही त्यांनी हेच माप लावलेले आहे. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही शिरूर कासारला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी सगळ्यांना पसंत पडली, आणि परतताना साडूंनी निकाल दिला तो आमच्याच मुलाबद्दल. "पोरीत दोन्ही बराबर हाय. आपल्या पोरात नुस्ता स्पीड हाय. चढ आला की तिलाच ओढावं लागंल." लग्न झाले. चढ आले. तिनेच ओढले. स्वतःविषयीचे मत मी एकदाच विचारले आणि पुन्हा विचारायचे नाही असे ठरवले. "तुमच्यात पाव्हणं, स्पीड बी न्हाई आन जोर बी न्हाई," ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून त्यांनी बराच वेळ विचार केला. "पण बॉडी चांगली हाय." माझ्या परतीच्या एसटीचीही चिंता माझ्याहून त्यांनाच जास्त. चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत ते मला उठवायचे. "चला, चला. चारची गेली तं मांजरसुंब्याला उभं राहावं लागंल." एवढ्या प्रेमाने आणि एवढ्या घाईने घराबाहेर काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाच्या हाती त्यांच्या लेकीने एक मोबाइलवरचा खेळ दिला. पोरगी चाकणला एका कारखान्यात तपासणी विभागात लागली आहे. दिवाळीला आली आणि जाताना बापाच्या फोनमध्ये तो खेळ टाकून गेली. एक लहानशी जीप. समोर डोंगर, खाली दरी, पुन्हा डोंगर. वाटेत नाणी मिळतात, आणि त्या नाण्यांवर जीपचा स्पीड वाढवायचा, पॉवर वाढवायची किंवा तेलाची टाकी मोठी करायची. पोरीला वाटले, पप्पांचा जरा वेळ जाईल. तिने बापाला दारू पाजली असती तरी इतकी झिंग आली नसती. आयुष्यभर लोकांच्या मोटारींत जे मधलं कुठं बसतं ते पाहिले, ते आता बोटाच्या टोकावर येऊन बसले. पॉवर कमी पडली की जीप चढावरून मागे घसरते, फार झाली की नाक वर करून उताणी पडते. स्पीड जास्त झाला की दरीत. साडू कागदावर काही लिहीत नाहीत. जी मोटार समोर असेल तिच्या पाठीवर खडूने जीपचे आकडे टाकतात. एका शेतकऱ्याने आपल्या मोटारीवर "स्पीड ५, पॉवर ११" असे वाचले आणि तसेच गावात जाऊन सांगितले. आठवड्याने त्याच्या वाडीचे तिघे आपापल्या मोटारी घेऊन हजर. "आमची बी पाच-अकरा करून द्या." साडूंनी मोटारी नीट भरल्या आणि वर खडूने पाच-अकरा लिहून दिले. टाकीकडे मात्र ते ढुंकूनही पाहत नसत. टाकी मोठी करणारा माणूस म्हणजे डबा घेऊन लग्नाला जाणारा, असे त्यांचे मत होते.

रविवारी पोरीला सुट्टी. दुपारी तीनच्या सुमाराला साडू दुकानाचे शटर अर्धे खाली ओढतात, टिपॉयवर फोन उभा करतात, आणि बापलेकीची शर्यत लागते. त्या खेळात पळता पळता एकमेकांशी बोलायची सोय आहे, आणि मागचा पोहोचेपर्यंत शर्यत संपत नाही. आता हे सांगायला हवे की आमच्या साडूंना फोनवर बोलता येत नाही. पोरीचा फोन आला की "जेवलीस का?" "हो." "बरं. घे, आईशी बोल." एवढेच. यात प्रेम कमी आहे असे कुणी म्हणू नये. आमच्याकडच्या बापांना तेवढेच येते. पण दोन्ही अंगठे जीपवर आणि डोळे डोंगरावर असले की याच माणसाच्या तोंडाला पाझर फुटतो. मी स्वतः ऐकले आहे. पहिल्या चढावर खोलीतल्या मैत्रिणीचे लग्न ठरले. दरीत मेसची भाजी झाली. तिसरा चढ लांबलचक, वळणाचा, तिथे पोरगी हळूच म्हणाली, "पप्पा, पहिला महिनाभर मी रोज रडायचे. तुम्हाला सांगितलं न्हाई." साडूंची जीप जराशी मागे घसरली. मग ते म्हणाले, "मला ठाव होतं माय. तू आईला लई हसून बोलायचीस." त्या खेळातले आभाळ कायम संध्याकाळचे असते, तळाशी केशरी आणि वर विटके जांभळे. मी पोरांना वर्षानुवर्षे तसे आभाळ रंगवायला शिकवतो आणि ते कुणालाच साधत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पोरगी दर खेपेला पुढे, आणि साडू मागे, रमतगमत. "पप्पा, या की लवकर. कावून एवढं हळू चालवता?" ती विचारायची. जगाला तोल शिकवणाऱ्या माणसाच्या जीपचा स्पीड पाच आणि पॉवर अकरा, हा कसला तोल? एकदा त्यांचा फोन हातात आला तेव्हा पाहिले, तर नाण्यांचा नुसता ढीग साठलेला. मी म्हणालो, "दादा, एवढी नाणी पडून आहेत, स्पीड का वाढवत नाही?" साडूंनी दाराकडे पाहिले, अक्का नाही ना याची खात्री केली. "पाव्हणं, स्पीड वाढवला की शर्यत दोन मिंटात सरती. सरली की ती म्हणती, चला पप्पा, ठेवते." मग त्यांनी जळकी तार उपसायला घेतली. "आता साडेचार मिंटं लागतात." मी चहा प्यालो. त्या दिवशी मला चटणीची चव लागली नाही, एवढे सांगतो.

आणि मग पोरगी वरच्या इयत्तेत गेली. खेळातही इयत्ता असतात, हे मला तेव्हा कळले. ती इतकी पळाली की तिला पुढचा डोंगर उघडला, आणि नियम असा की एका इयत्तेतल्यांनीच एकमेकांशी पळायचे. साडूंना तिच्यामागे जायचे तर जुना डोंगर दोन मिनिटांच्या आत पार करायला हवा. रविवारपर्यंत झाले तर ठीक, नाहीतर पुन्हा "जेवलीस का?" आणि "घे, आईशी बोल."

तो आठवडा पाटोद्यातल्या विहिरींना जड गेला. मोटारी ओळीने पडून, मालक दारात बसून, आणि साडू आत जीप उलथवताहेत. अक्काचा मला फोन आला. "भाऊजी, येऊन समजवा त्यांना. जेवताना बी ताटात बोटानं डोंगर काढायलेत." मी गेलो, पण समजावले काहीच नाही, शेजारी बसून राहिलो. स्पीड दहा केला, जीप दरीत. पॉवर सोळा केली, उताणी. बारा-तेरा. तेरा-बारा. त्या कपाळावरचा घाम पाहून मला वाटले, हा माणूस आपल्याच हाताने आपली साडेचार मिनिटे कापतो आहे, आणि ती नीट कापली जावीत म्हणून जीव टाकतो आहे. शनिवारी दुपारी चौदा-चौदाला जीप उठली, डोंगरावरून लोण्यासारखी गेली, आणि दोन मिनिटांना सहा सेकंद कमी असताना पलीकडे उतरली. दारात बसलेल्या मोटारमालकांनी टाळ्या वाजवल्या. साडू हसले नाहीत. "बसलं," एवढेच म्हणाले आणि खडूची भुकटी झटकून बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढच्या दोन रविवारी मला जाता आले नाही. खरे सांगायचे तर मी गेलो नाही. दोन मिनिटांत आटोपणारे ते बोलणे ऐकायची माझी छाती नव्हती. तिसऱ्या रविवारी बायकोनेच पाठवले. शटर अर्धे खाली होते. आत एका मोटारीवरचे चौदा-चौदा पुसलेले, आणि त्याजागी एकच शब्द होता, टाकी. त्याच्यापुढचा आकडा इतक्यांदा पुसून लिहिलेला की वाचता येत नव्हता.

फोनवर नवा डोंगर होता. त्याच्या शेवटच्या माथ्यावर, शर्यत संपायच्या झेंड्याच्या हातभर अलीकडे, दोन जीपा शेजारी शेजारी उभ्या होत्या. पळत नव्हत्या. नुसती इंजिने धुगधुगत होती, कोपऱ्यातला तेलाचा काटा हळूहळू खाली येत होता, आणि मागे ते न मावळणारे केशरी आभाळ.

"पहिल्या रविवारी मीच ब्रेक दाबला," साडू माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले. "ती पुढं गेलती. मंग रिव्हर्स घेऊन आली. तेल सरंस्तोवर खेळ सरत न्हाई. आता सगळी नाणी टाकीलाच घालतो."

"कोण आलंय पप्पा?" फोनमधून आवाज आला.

"काका हायत तुझे. सांग तू. त्या सुपरवायझरचं काय झालं मंग?"

ती सांगू लागली. मी मोटारीवर टेकून ऐकत होतो. ऊन तांब्यावरून सरकून माझ्या पायाशी आले होते. स्टँडवर चारच्या एसटीचा हॉर्न वाजला तसा मी सवयीने उठलो. साडूंनी एक अंगठा जीपवर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझा सदरा धरून मला खाली बसवले.

"बसा पाव्हणं," ते म्हणाले. "तेल हाय अजून."