मला की माझ्याशी

काल शेजारच्या सुमनताई दारातूनच म्हणाल्या, “वहिनी, रागावू नका, पण सुनेला जरा कमी बोलत जा. परवा तीच म्हणाली, ‘आई मला रोज बोलतात. खूप बोलतात.’”

मीनाक्षी तमिळनाडूतून आमच्या घरी आली त्याला आठ महिने झाले. तिला कधी लागेल असं मी बोलले नाही, असं मला तरी वाटत होतं. दुपारभर मी स्वतःचंच बोलणं आठवून त्यात दोष शोधत बसले. संध्याकाळी मेथी निवडताना न राहवून विचारलं, “मी तुला बोलते का गं?”

“हो!” ती हसून म्हणाली. “रोज. मला घरची आठवण येते, तेव्हा जास्त बोलता. मला फार आवडतं.”

तेव्हा कुठे उलगडा झाला. तिला ‘माझ्याशी बोलतात’ म्हणायचं होतं. एवढासा ‘शी’ राहिला आणि आमच्या गप्पांची बोलणी झाली. हे इवलेसे प्रत्यय आपण जन्मभर न बघता वापरतो, पण ऐकणारा त्यांवरूनच माणसामाणसांतलं अंतर मोजतो.

मी तिला फरक सांगितला. ती आधी ओशाळली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर वडिलांबद्दल सांगू लागली. दर वाक्यात एखादा प्रत्यय चुकत होता. मला सगळं कळत होतं, म्हणून मी तिला एकदाही थांबवलं नाही.